दोन हाका

"भगवंतरावऽऽ!"

ही पहिली हाक आली तेव्हा भगवंत धबधब्याच्या डाव्या अंगाला, टेम्पोएवढ्या एका खडकाच्या आड बसून पायातले मोजे पिळत होता. हाक राजेशची होती, यात शंका नव्हती. राजेश त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी, आणि जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलायचं असलं तरी तो मैदानात उभा असल्यासारखा बोलायचा. पाणी एवढं कोसळत असूनही त्याची हाक खडकाला वळसा घालून नीट भगवंतच्या कानात शिरली. ओ द्यायला काहीच हरकत नव्हती. तोंड उघडायचं, 'आलो' म्हणायचं, बूट चढवायचे आणि निघायचं, एवढंच काम. पण तोंड उघडलं नाही. एका हातात मोजा धरून तो नुसता थांबला. मग दुसरी हाक आली, "ओ काकाऽऽ, भगवंतकाका!" ही राजेशच्या बायकोची, प्रगतीची. तिचा आवाज बारीक, तो पाण्यावरून आला आणि विरला. भगवंत अजून थांबलेलाच. आता आणखी एक हाक येईल, मग ओ देऊ, असं त्याच्या मनात होतं. मनात तरी कुठलं, अंगातच होतं. राजेशची शिट्टी वाजली. कोणीतरी काहीतरी म्हणालं, त्यावर पाचसहा जण हसले. ओल्या बुटांची पचपच पायवाटेनं खाली उतरत गेली आणि मग फक्त पाणी ऐकू येत राहिलं. तिसरी हाक आलीच नाही.

त्याला धक्का बसला तो त्यानंतर. मंडळी आपल्याला टाकून गेली याचा नव्हे. ती मंडळी चांगली होती, आणि कोणीतरी कोणाला तरी विचारलं असेल, कोणीतरी 'ते पुढे गेले' म्हणून सांगितलं असेल, हे त्याला इथे बसूनही दिसत होतं. धक्का बसला तो स्वतःचाच. बासष्ट वर्षांचा, चष्मा लावणारा, निवृत्तिवेतन घेणारा आपण, भर दुपारी बारा वाजता, ओला मोजा हातात धरून तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो. अजूनही धावलं असतं तर दहा मिनिटांत गाठता आलं असतं त्यांना. वाट एकच होती, खाली चामटोलीच्या रस्त्यावर टेम्पो उभा होता, आणि प्रगतीनं आणलेले मेथीचे ठेपले अजून उघडायचे होते. पण पाय उचलेनात. भगवंतला वाटलं, आपण आत्ता धावत गेलो तर लोक म्हणतील, अहो, हाका मारल्या की तुम्हाला, ओ का नाही दिलीत? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं हे आधी आपल्याला तरी कळायला हवं.

तसा तो या ग्रुपातही काही स्वतःहून आला नव्हता. अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या इमारतीत सकाळी फिरणाऱ्यांचा एक ग्रुप होता, 'पहाट फिरस्ते' नावाचा. भगवंत साडेपाचला एकटाच फिरून यायचा. एकदा लिफ्टमध्ये राजेशनं त्याचा फोन हातात घेऊन त्याला परस्पर ग्रुपात टाकून दिलं. तेव्हापासून रोज फुलं, सूर्य आणि सुविचार येत होते आणि भगवंत त्यांना अंगठा दाखवत होता. गणपती जाऊन आठवडा झाला आणि ग्रुपवर ठरलं की रविवारी दुधकोंडीच्या धबधब्यावर जायचं. भर पावसाळ्यात तिथे जाऊ देत नाहीत, आता पाणी निवळलंय, सोनकी फुललीय, फोटो मस्त येतील. दुधकोंडी हे नाव वाचलं आणि भगवंतनं अंगठ्याऐवजी 'मी येतो' असं टाइप केलं. त्या कोंडीच्या खालचं चामटोली हे त्याच्या आईचं, पुतळाबाईचं माहेर. पोरवयात या डोंगरावर तो आईच्या मागेमागे किती वेळा चढला असेल याची गणती नव्हती. हे त्यानं ग्रुपात कोणाला सांगितलं नाही. वाटेत राजेश मोबाइलवर नकाशा बघून वाट दाखवत होता, एका ठिकाणी चुकलाही, तरी भगवंत गप्पच राहिला. गप्प राहायची त्याला सवय होती.

त्यानं मोजा खडकावर वाळत टाकला आणि पाण्याकडे बघितलं. वरून तीन टप्प्यांत पाणी येत होतं. पहिल्या टप्प्याला पांढरं, दुसऱ्याला कातळाला चिकटून, आणि शेवटी मोकळं सुटून कोंडीत. कोंडीच्या कडेनं तेरडा गुलाबी झाला होता. लोक या पाण्याला दूध म्हणतात, मोती म्हणतात. भगवंतनं तेहतीस वर्षं जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात पंप चालवले होते, त्याला पाणी बघितलं की आधी त्यातला गाळ दिसायचा. हे पाणी स्वच्छ होतं, तुरटी अगदी बेताची लागली असती. आणि आवाज. इतरांना धबधब्याचा एकच आवाज येतो, त्याला तीन टप्प्यांचे तीन वेगळे येत होते. पंपघरात सहा पंप चालू असताना चौथ्याचं बेअरिंग कोरडं पडलंय हे तो बाहेर चहा पिता पिता सांगायचा. नवीन इंजिनियर पोरं हसायची, मग उघडून बघायची आणि मान डोलवायची. मालिनी, त्याची बायको, म्हणायची, "लोखंडाचं दुखणं ऐकू येतं तुम्हाला, माणसांचं कधी येणार?" ती हे हसत म्हणायची आणि तोही हसायचा. नऊ वर्षांपूर्वी ती पोटाच्या दुखण्यानं गेली, तेव्हाही दुखतंय हे तिनं त्याला फार उशिरा सांगितलं होतं.

तिसऱ्या हाकेचा नेम आईचा. तेव्हा भगवंत सहासात वर्षांचा होता. शेवळं, ती पावसाळी रानभाजी, काढायला म्हणून ते कोंडीच्या वरच्या झाडीत आले होते. आई वाकून झुडपांखाली शेवळं उपटत होती, तो टोपली धरून उभा होता, आणि झाडीतून कोणीतरी त्याच्या नावानं हाक मारल्यासारखं झालं. तो 'ओ' म्हणणार तोच आईनं मातीनं भरलेला हात त्याच्या तोंडावर ठेवला. "रानान हाक आयली का लगेच ओ देव नुको, पोरा," ती कुजबुजली. "येक आयली, दोन आयल्या, तरी गप रव्हाचा. तिसरी आयली तं समजाचा का मानूस हाय. जं वंगाल हाय, त्याला तिसरी हाक मारता येत नाय." दोघं श्वास धरून उभी राहिली. तिसरी हाक आली नाही. त्या मातीचा वास, आईच्या बांगडीची गालावर रुतलेली कड, आणि आपण एका फार मोठ्या संकटातून नुसते गप्प राहून सुटलो हा आनंद, एवढं त्याला अजून जसंच्या तसं आठवत होतं. गप्प राहिलं की वाचतो. शाळेत मास्तर रागावले की तो गप्प. केंद्रात साहेब चिडले की तो गप्प. मामांनी वाटणीत आईला हिस्सा दिला नाही तेव्हाही माय-लेकरू गप्प. पुतळाबाई तशीच गप्प राहून एक दिवस गेली. लोक भगवंतला शांत माणूस म्हणायचे आणि त्याला ते ऐकून बरं वाटायचं.

घरात बोलायचं काम मालिनीकडे होतं. वीज गेली तर वीज मंडळाशी ती बोलायची, गावाला, जांभूळला, भावकीत तीच, आणि लेकीशी तर तीच. "जिज्ञासाला विचार, कॉलेजला उशीर होईल का," असं भगवंत स्वयंपाकघरात सांगायचा आणि मालिनी बाहेर येऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायची, जरी जिज्ञासा मधल्या दारातच उभी असायची. पोरगी वैतागायची, "बाबा, मी इथेच आहे यार, मला डायरेक्ट बोल ना तू!" मग तिघंही हसायची. मालिनी गेल्यावर दोघं उरले. जिज्ञासा तेव्हा वीस वर्षांची. घरात कुकरची शिट्टी, टीव्ही, आणि 'येते', 'जेवलीस?', 'हो', 'चावी घेतलीस?' एवढेच शब्द. वाईट काही नव्हतं. एकमेकांचं सगळं करत होते ते. तिला ताप आला तेव्हा तो रात्रभर पट्ट्या बदलत बसला होता, एक शब्द न बोलता, आणि सकाळी तिनं त्याचा हात धरला होता, तिनेही न बोलता. ते त्याला पुरेसं वाटलं होतं. तिला ते पुरेसं वाटत नसेल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मग हरेश आला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं, जिज्ञासा त्याच रस्त्यावर एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. सिंधी पोरगा, गोरा, जरा जाड, घामाघूम होऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसलेला. आल्या आल्या वाकून पाया पडला. मिठाईचा डबा टीपॉयवर ठेवला. म्हणाला, "अंकल, आपको जो पूछना है, पूछो. मेरे घरवाले थोडा नाराज हैं, लेकिन मान जाएंगे. मराठी पण येते मला. थोडी थोडी." भगवंतला तो आवडला होता. ही गोष्ट त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्याला तो पोरगा आवडला होता, त्याची ती मराठीही आवडली होती. पण त्याआधी दोन दिवस जांभूळहून धाकटा भाऊ महेश येऊन गेला होता. "दादूस, पोरीला आवर. गावान तोंड दाखवाचा हाय ना आपल्याला?" तेही भगवंतनं गप्प बसून ऐकून घेतलं होतं. आता समोर हरेश बसला होता, दाराशी जिज्ञासा उभी होती, आणि भगवंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. पंखा फिरत राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "चहा?"

हरेश गेल्यावर जिज्ञासा त्याच्यासमोर येऊन जमिनीवर बसली. "बाबा, कायतरी बोल ना तू. नाही म्हण. शिव्या घाल. काकासारखं ओरड. पण बोल. तुझ्या मनात काय आहे तेच मला कळत नाही." तिचे डोळे भरले होते आणि हनुवटी थरथरत होती, मालिनीची हनुवटी थरथरायची तशीच. भगवंतच्या मनात इतकं होतं की त्यातलं पहिलं काय काढावं हेच त्याला सुचेना. त्याला म्हणायचं होतं, कर लग्न, मी उभा राहीन. त्याला हेही म्हणायचं होतं की तू गेल्यावर मी या घरात काय करू. तो म्हणाला, "जेवून घे." दोन दिवसांनी ती एक बॅग घेऊन गेली. लोकांच्या पोरी अमेरिकेला जातात. त्याची पोरगी फक्त एक स्टेशन पलीकडे, अंबरनाथहून उल्हासनगरला गेली, आणि चार वर्षांत त्यानं तिचं तोंड पाहिलं नाही.

पहिला फोन लग्नाच्या दिवशी सकाळी आला. पावणेअकरा वाजले होते. तो धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून सोफ्यावर बसला होता. कशासाठी तयार होऊन बसला होता ते देव जाणे. पडद्यावर 'जिज्ञा' ही अक्षरं आणि तिचा बर्फाचा गोळा खातानाचा फोटो. फोन थरथरत टीपॉयच्या काचेवरून सरकत सरकत कडेपर्यंत आला. तो पडेल म्हणून भगवंतनं खाली हात धरला, पण उचलला नाही. मग तो थांबला. पुन्हा करेल, असं त्याला वाटलं. दुपारी दोनला त्यानं शर्ट बदलला. दुसरा फोन तीन वर्षांनी, गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी. तो काकडी चोचवत होता. हात ओले होते. त्यानं नॅपकिनला हात पुसले, एकेक बोट पुसलं, अगदी नीट, आणि सगळा वेळ फोन वाजत होता. पुसून झालं तरी वाजत होता. त्यात सवड होती, मुबलक सवड होती. तो बंद झाला आणि लगेच भगवंतच्या मनात आलं, आता पुढच्या वेळी नक्की. तेव्हापासून फोन उशाशी. न्हाणीघरात जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेरा महिने झाले. ती का फोन करत होती, आनंदाचं सांगायचं होतं की काही अडलं होतं, मूलबाळ आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलेल्या माणसाला विचारायचं म्हणजे पुन्हा तोंड उघडणं आलं.

आणि आज, इथे, ओला मोजा हातात घेऊन बसला असताना त्याला ते एकदम दिसलं. दोन हाका मारून लोक निघून गेले. राजेशसारखा गडगडाटी माणूससुद्धा दोनदाच हाक मारून गेला. तर मग ती पोरगी तिसऱ्यांदा कशाला मारेल? चार वर्षं आपण स्वतःला काय काय सांगत आलो, राग आहे, गाव आहे, महेश काय म्हणेल, आणि खाली खोल कुठेतरी आईचा मातीनं भरलेला हात तोंडावर होता. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसतं थंड वाजत राहिलं. ढग खाली उतरले होते, वरचा टप्पा दिसेनासा झाला, आता फक्त खालचं पाणी कुठूनतरी येत होतं. इतकी वर्षं तो घरात एकटाच होता, पण तिथे भिंतीपलीकडे कोणाचा तरी मिक्सर चालू असायचा. इथे आपण आहोत हे या क्षणी जगात कुणालाच माहीत नाही, असं त्याच्या लक्षात आलं आणि त्याला आपल्या श्वासाचीसुद्धा भीती वाटली.

"कोन हाय रं तिथं?"

आवाज वरून, धुक्यातून आला. भगवंतनं ओठ मिटून घेतले.

"ये, कोन हाय?"

तो गप्पच. मग गोटे घरंगळले, कारवी हलली, आणि एक म्हातारी ठाकरीण खडकाच्या वर उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात विळा, कमरेला दोरखंड. तिनं त्याला, त्याच्या वाळत घातलेल्या मोज्याला, आणि उघड्या पायांना निरखून बघितलं.

"हाय की मानूस! मंग बोलत का नाय? मुका हाय का बहिरा?"

"तिसरी हाक..." भगवंत म्हणाला आणि ओशाळून थांबला.

"काय?"

"रानात तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नसते ना. माझी आई सांगायची. चामटोलीची होती ती."

म्हातारी आधी त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. दात फार उरले नव्हते, पण हसणं पोटातून होतं. हसता हसता ती खडकावर बसली आणि विळा बाजूला ठेवला. "आरं देवा! आरं, त्यो रातचा नेम! दिवस मावलल्यावरचा. दिसा कंचा भूत येतंय तुला हाक मारायला? दिसा मानूस गवात कापतंय, ढोरं हाकतंय, मानसाला मानसाची गरज पडतेय. दिसा हाक आली का लगी ओ द्यायची. नाय तं त्यो जातंय निंगून. त्याला काय ठावं, तू मोजीत बसलाय!"

आईच्या वाक्याच्या आधीचे दोन शब्द भगवंतला ऐकू आले. रानान हाक आयली का, एवढंच ती म्हणाली नव्हती. 'सांज झाल्याव', सांज झाल्याव रानान हाक आयली का. तेव्हा ऊन गेलं होतं, टोपलीतली शेवळं काळी दिसत होती, आई घाईघाईनं डोंगर उतरत होती. त्यानं उरलेलं सगळं जपून ठेवलं होतं आणि तेवढे दोन शब्द मात्र रानातच टाकून आला होता. "मावशी," तो म्हणाला, "मला कोणी दोनदा हाक मारली असेल, आणि मी गप्प राहिलो असेन, तर?"

"तर काय? आता तू मार." ती उठली. तिला यात विशेष काही वाटलं नव्हतं. "मी आवडी. वरल्या वाडीची. गवताचा भारा बांधून ठेवलाय, येकलीच्यानं डोकीवं जाईना. म्हनून तं आवाज देत व्हते. चल, हात लाव जरा."

त्यानं ओले मोजे खिशात कोंबले, बूट तसेच चढवले आणि तिच्या मागून चढू लागला. वाट शेवाळलेली होती, आवडी अनवाणी चालत होती आणि भगवंत बुटांनी घसरत होता. ती बोलत होती. थोरला लेक बदलापुरात वॉचमन आहे, मोठ्या बिल्डिंगीत, सोळा माळे, त्याच्याकडे सणाला गेले तं लिफ्टमध्ये जीव घाबरतो. धाकटी वांगणीला दिलीय, जवाई पितो पण मारत नाय. भगवंत हं, हं करत होता. त्याचं डोकं दुसरीकडेच होतं. चढता चढता त्याला हळूहळू उमगत होतं की म्हातारीनं नेम दुरुस्त करून दिला, तरी त्याची सुटका झाली नव्हती. रातचा नेम काय नि दिवसाचा काय. सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात काकडी चोचवताना कुठलं रान होतं? हात पुसताना त्याला आई आठवली नव्हती. त्याला भीती वाटली होती, एवढंच खरं. फोन उचलला की ती म्हणेल, बाबा, बोल, आणि मग बोलावं लागेल. नऊ वर्षांत कुणाशी मनातलं बोललं नाही की ते बोलायचं कसं हेच माणूस विसरतो. आपण भेकड आहोत, असं त्यानं मनात स्पष्ट म्हटलं. म्हटल्यावर जरा हलकं वाटलं, पण फार नाही.

गवताचा भारा चांगलाच जड होता. दोघांनी मिळून तो उचलला, आवडीनं मान ताठ केली, चुंबळ सारखी केली. "ही वाट धर," ती हनुवटीनं दाखवत म्हणाली, "पठारावं जाशील. मंग पल्याड आमची वाडी, तिथून सडक. मला खालच्या गोठ्यावं भारा टाकायचाय. उशीर करू नुको. पानी येनार हाय." आणि भाऱ्याखाली ती चालू लागली, मागून बघताना नुसतं गवतच उतारावरून चाललंय असं दिसत होतं. भगवंतला तिला हाक मारावीशी वाटली. काही काम नव्हतं, उगीच. "मावशीऽऽ!" तो ओरडला. इतक्या मोठ्यानं तो कित्येक वर्षांत ओरडला नव्हता, घसा खरवडला.

"ओऽऽ!" भाऱ्याखालून लगेच आलं.

"काही नाही! जातो!"

"जा, जा!"

पठारावर वारा होता. सोनकीनं सगळं पिवळं झालं होतं, आणि दूर खाली बदलापूरच्या इमारती एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. खिशात फोन थरथरला. रेंज आली होती. ग्रुपवर एकोणतीस फोटो. धबधब्यापुढे सगळे ओळीनं उभे, हात वर केलेले, खाली लिहिलेलं, 'फुल टीम!' भगवंतनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तो त्यात नव्हता, आणि त्याला फार वाईट वाटलं नाही, त्याची त्यालाच जरा गंमत वाटली. त्याखाली राजेशचा त्याला वेगळा मेसेज होता: 'भगवंतराव, तुम्ही कैलासच्या बाइकवर पुढे गेलात ना? आम्ही निघतोय.' पाऊण तासापूर्वीचा. कैलास हा ग्रुपातला एकटाच बाइकवर आलेला. भगवंतनं 'हो' असं लिहिलं आणि पाठवलं. उगाच त्यांना घोर नको.

मग त्यानं 'जिज्ञा' शोधलं. बर्फाचा गोळा खाणारी ती पोरगी वर आली. अंगठा त्या हिरव्या खुणेवर ठेवून तो उभा राहिला. आपण काय बोलायचं हे आधी ठरवू, असं त्याच्या मनात आलं, आणि ठरवायला बसलो तर आणखी तेरा महिने जातील हेही त्याच्या लक्षात आलं. त्यानं अंगठा दाबला. पलीकडे वाजू लागलं. तिनं नंबर बदलला असेल. तिच्या फोनमध्ये आपलं नाव राहिलं नसेल. ती हात पुसत असेल.

"हॅलो?"

आवाज तोच, थोडा जाड झालेला. मागे रस्त्यावरचे हॉर्न, आणि कोणीतरी म्हणत होतं, वो क्रीमवाला थान निकाल, नीचेवाला.

"मी," भगवंत म्हणाला.

पलीकडचे आवाज एकेक करून कमी होत गेले. ती चालत कुठेतरी आत गेली असावी. काचेचं दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. तिचा श्वास ऐकू येत होता. तो जरा जोरात चालला होता, हे त्याला कळलं.

"बोला," जिज्ञासा म्हणाली.

त्यांच्यात बापाला कुणी अहो-जाहो करत नव्हतं. भगवंत स्वतःच्या बापाला तू म्हणायचा, महेशची पोरं महेशला तू म्हणायची, जिज्ञासा बोबडं बोलायला लागल्यापासून 'बाबा, तू' म्हणत आली होती. रागावली तरी तूच. शेवटी घर सोडून गेली तेव्हाही 'तू तुझी गोळी घे वेळेवर' असंच म्हणाली होती. 'बोला' हे ती लॅबमध्ये आलेल्या पेशंटना म्हणायची, दारात आलेल्या मीटरवाल्याला म्हणायची. त्या शब्दात राग नव्हता. राग असता तर भगवंतनं त्याला धरून ठेवलं असतं. ती नीट, व्यवस्थित, लांबच्या माणसाशी बोलावं तसं बोलली होती, आणि हे अंतर तिनं आत्ता घेतलेलं नव्हतं, कधीतरी एका सोमवारी दुपारी ते पडलं असावं. त्याला फोन ठेवून द्यावासा वाटला. त्यानं ठेवला नाही.

"तू फोन केला होतास," तो म्हणाला. "दोनदा. मी उचलला नाही."

"हं."

"मी घाबरलो होतो गं."

आता गप्प राहायची पाळी तिची होती आणि त्याला ती तिच्याकडून काढून घ्यायची नव्हती. वाऱ्यानं फोनमध्ये घरघर होत होती. तो फोनवर हात आडवा धरून, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"आवाज कसला येतोय?" तिनं विचारलं. "कुठे आहात तुम्ही?"

"डोंगरावर. आजीच्या गावाच्या वर, दुधकोंडीला. सोसायटीचे लोक आले होते."

"मग फोन द्या ना त्यांच्यातल्या कोणाकडे तरी. पाऊस येतोय इकडे. खाली उतरा म्हणावं सगळे."

"गेले ते."

"गेले?" तिचा आवाज किंचित हलला. "मग तुम्ही... एकटेच?"

भगवंतनं खाली बघितलं. धुकं वर चढत होतं, कोंडी दिसत नव्हती, वाडी दिसत नव्हती.

"एकटाच," तो म्हणाला.